ओव्हाळबाई परीक्षेला बसतात

"वेगस सुटली! सर, वेगस सुटली!"

कडावच्या नाक्यावर सकाळी सकाळी असं ओरडत कोणी पळताना दिसलं तर घाबरू नका. तो आमचा काशिनाथ, आणि वेगस ही त्याची म्हैस. दावं तोडून ती कधी कुणाच्या खाचरात, कधी शाळेच्या पटांगणात, तर कधी थेट ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंत जाऊन येते. वेगस या शब्दाचा अर्थच मुळी 'भटकी' असा आहे. माणसाच्या मेंदूतून नसांच्या बारा जोड्या थेट निघतात, त्यातली दहावी ही वेगस. गळ्यातून छातीत, छातीतून पोटात, वाट मिळेल तिकडे हिंडणारी. काशिनाथच्या गोठ्यात म्हशी बारा, आणि गोठ्याला लागून दवाखाना डॉक्टर रत्नप्रभा ओव्हाळ यांचा. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

बाईंनी बाराही म्हशींची बारशी केली. पहिली ऑल्फॅक्टरी, म्हणजे वासाची नस. ती म्हैस पेंड चारदा हुंगल्याशिवाय तोंड लावत नाही. चौथी ट्रॉक्लिअर. बारा जणींत सगळ्यांत बारीक, आणि मेंदूच्या पाठीमागून निघणारी ती एकटीच. गोठ्यातली ट्रॉक्लिअर अंगाने रोडकी आणि मागच्या दाराशिवाय बाहेर पडत नाही. सहावी डोळा बाहेर वळवणारी, ती म्हैस तिरकं बघते. बारावी जिभेची, ती सदा जीभ बाहेर काढून उभी.

काशिनाथने आधी कुरकुर केली. "मॅडम, चंद्री, लक्षुमी अशी चांगली नावं व्हती वो त्यांची."

"लक्षुमी परीक्षेत विचारत नाहीत, काशिनाथ."

आता तोच डेअरीवर सांगतो, "आज दूध कमी हाय. ऑप्टिकनं पान्हा चोरला."

मी कडावच्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. ओव्हाळबाई आमच्या शेजारी. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात कामगार. बाई शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकल्या, एमबीबीएस झाल्या आणि परत येऊन कडावला दवाखाना थाटला. नवरा मोहोपाड्याच्या कारखान्यात होता. स्वभावाने अबोल, तितकाच भला माणूस. सात वर्षांपूर्वी तो गेला. मुलगा बंगळुरात. घरात बाई एकट्या, दवाखान्यात मात्र दिवसभर गर्दी. सर्दी, खोकला, विंचू, साप, बाळाचे डोस आणि सासू-सुनांची भांडणं, सगळं एकाच टेबलावर.

तर एके दिवशी संध्याकाळी पुस्तकांनी भरलेलं खोकं घेऊन बाई आमच्या ओट्यावर आल्या. त्रेपन्न वर्षांच्या बाई, धापा टाकत होत्या.

"सर, मी पीजीच्या परीक्षेला बसतेय."

ही परीक्षा म्हणजे एमबीबीएस झालेल्यांनी पुढे एखाद्या विषयातले तज्ज्ञ होण्यासाठी द्यायची. देशभरातली तेवीस-चोवीस वर्षांची हुशार पोरं तिच्यासाठी अन्नपाणी सोडून बसतात. मला वाटलं, बाई मुलाबद्दल बोलताहेत. पण मुलगा इंजिनिअर.

"तुम्ही?"

"मी. मेंदूला गंज चढलाय. तुम्ही मला रोज प्रश्न विचारायचे. अॅनाटमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री."

"अहो, मी मराठीचा मास्तर!"

"म्हणूनच तर. उत्तर तुम्हाला माहीत नसणार. त्यामुळे बरोबर की चूक, ते तुमच्या चेहऱ्यावरून कळणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता आमच्या ओट्यावर परीक्षा सुरू झाली. मी चष्मा सावरत प्रश्न वाचायचो, बाई येरझारा घालत उत्तरं द्यायच्या आणि माझी बायको मंदा भाजी निवडता निवडता निकाल लावायची. "स्टर्नोक्लायडोमास्टॉइड" हा शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. मानेतला एक स्नायू. तो उरोस्थी, गळपट्टीचं हाड आणि कानामागचं हाड अशा तिघांना धरून असतो, असं बाईंनी सांगितलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

"अहो, मग हा सरळ सरळ द्वंद्व समास! तीन हाडं, तीन पदं. फोडलं की झालं."

बाई येरझारा थांबवून माझ्याकडे बघतच राहिल्या. "सर, तुम्ही मला तीस वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं." तेव्हापासून आम्ही सगळ्या अॅनाटमीचा विग्रह करून टाकला.

बाईंचा एक शब्द होता, बेसिक. "बेसिक सांगा, बेसिक." वरवरची औषधं कोणीही देईल, आत काय चाललंय ते मुळापासून कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि हा हट्ट परीक्षेपुरता राहिला नाही. मी एकदा रक्तदाब तपासायला गेलो. दंडाला पट्टा बांधून, हवा भरून बाई म्हणाल्या,

"सर, उठून उभं राहिल्यावर चक्कर का येत नाही?"

"येते ना. म्हणून तर आलो."

"तुमचं नाही. ज्याला येत नाही त्याला का येत नाही?"

मग मानेतल्या रक्तवाहिनीत दाब ओळखणारी जागा असते, ती मेंदूला कळवते, मेंदू हृदयाला कळवतो, अशी साखळी त्यांनी सांगितली. सांगून संपेस्तोवर पट्टा तसाच आवळलेला. माझा हात जांभळा.

दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी पोटाचं चित्र काढलं, त्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा. नऊ घरं. "पोटात दुखतं" असं म्हणायची दवाखान्यात बंदी झाली. कुठल्या घरात, ते सांगायचं. आठवड्याभरात बायका रांगेत बसून एकमेकींना सांगू लागल्या, "माजं आपलं वरल्या मधल्या घरात जळजळतं, मिरची खाल्ली का."

मूत्रपिंडासाठी त्यांनी आमचा राजनाला कालवा वापरला. कर्जतच्या या भागात उन्हाळी भात होतो तो याच कालव्यावर, त्यामुळे कालवा कळत नाही असा माणूस आमच्याकडे नाही. रक्तातलं पाणी मूत्रपिंडाच्या नळ्यांत उतरतं, ते सगळं वाया जाऊ द्यायचं नसतं; मेंदूतून एक संप्रेरक येतं आणि पाणी परत शरीराकडे वळवायची दारं उघडतं. बाईंच्या भाषेत तो पाटकरी, कालव्याचं पाणी शेतांकडे सोडणारा. दारू प्यायली की हा पाटकरी झोपतो, दारं उघडायला कोणी राहत नाही आणि पाणी सगळं वाहून जातं. तुकाराम म्हणून एक पेशंट होता. संध्याकाळ झाली की त्याचं पाऊल बरोबर त्याच दुकानाकडे वळायचं. सकाळी तो डोकं धरून आला की भर रांगेत बाई विचारत,

"काय तुकाराम, काल पाटकरी झोपला होता ना?"

"झोपला व्हता वो बाई. रातभर उठतोय नि बसतोय."

आठ-दहा वेळा रांगेने हसून घेतल्यावर तुकारामाचं सकाळचं येणं कमी झालं. त्याची बायको एकदा मुद्दाम सांगून गेली, "बाई, पाटकरी ड्युटीवर हाय बरं का."

तरी हे सगळं गंमत म्हणूनच चाललंय असं आम्हाला वाटायचं. पहिल्या वर्षीचा निकाल लागला तेव्हा कळलं, बाईंना ती गंमत नव्हती. रँक इतका मागे की कुठलीच सीट मिळणं शक्य नव्हतं. त्या दिवशी दवाखान्याला दुपारपर्यंत कुलूप. मंदा डबा घेऊन गेली तर बाई उत्तरपत्रिकेचा हिशेब मांडून बसलेल्या. पेशंट तपासायच्या प्रश्नांत चांगले गुण होते. गेलं होतं ते नेमकं बेसिकमध्ये. तीस वर्षांत बायोकेमिस्ट्री पार बदलून गेलेली.

त्याच आठवड्यात कर्जतमधला एक तरुण डॉक्टर त्यांना माझ्यासमोर म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा साठी जवळ आलेली असेल. एका तरुणाची सीट तुम्ही अडवणार. कशासाठी?"

बाई तोंडाने फटकळ. मला वाटलं, आता याची बायोकेमिस्ट्री निघणार. पण रस्त्याने येताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्याचं अगदीच चूक नाही, सर." मी म्हटलं, "मग सोडून द्यायचं का?" त्या म्हणाल्या, "नाही. मग सीट फुकट जाऊ द्यायची नाही."

दुसऱ्या वर्षी बाईंनी खरा सपाटा लावला. मोबाइलवर शिकवणी लावली. शिकवणारा तीस वर्षांचाही नसेल. तो सगळ्यांना "चलो बच्चों" म्हणायचा आणि बाई मान डोलवायच्या. एकदा त्यांनी शंका विचारली तर तो म्हणाला, "बेटा, ये तो फर्स्ट इयर का टॉपिक है." बाई त्या दिवशी भलत्या खुशीत. "मला बेटा म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, सर."

बायोकेमिस्ट्रीसाठी त्यांनी मंदाचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. इडलीचं पीठ फुगलं की ग्लुकोजचं काय झालं ते सांगायचं, मगच इडली. दही लागलं तर लॅक्टिक अॅसिड. मंदाही काही कमी नाही. एकदा बाईंचं उत्तर अडलं तर ती चुलीकडूनच म्हणाली, "अहो, पायरुव्हेट राहिलं ना मधलं!"

आणि याच वर्षी, पावसाळ्याआधी, एका दुपारी दवाखान्यात फोन वाजला. पलीकडे डोंगराकडच्या एका गावातली अनसूया म्हातारी. मी समोरच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"बाई, सकाळी मधल्या घरात दुखत व्हतं, बेंबीपाशी. आता ते तितनं निघालं नि खालच्या उजव्या घरात येऊन बसलंय. वकारी बी येती. मी आपलं चित्र आठवलं."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अनसूयाबाई, काही खाऊ नका, पाणीसुद्धा नको. गाडी पाठवते." अपेंडिक्सच होतं, फुटायच्या बेतात. पनवेलला नेलं, वेळेत ऑपरेशन झालं. तिथल्या सर्जनने विचारलं, इतक्या लवकर कोणी ओळखलं? म्हातारी म्हणाली, "मीच की." बाईंनी त्या दिवशी आमच्या ओट्यावर पाच वाजता एकही प्रश्न घेतला नाही. म्हणाल्या, "आज मी पास झाले, सर. उरलेली परीक्षा नंतर देईन."

ती नंतरची परीक्षा ऑगस्टात, नवी मुंबईला, कॉम्प्युटरवर. मी सोबत गेलो. केंद्राच्या फाटकावर रखवालदाराने बाईंना अडवलं.

"मॅडम, पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक हे," बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "परीक्षेला मी."

त्याने प्रवेशपत्र पाहिलं, फोटो पाहिला, परत बाईंकडे पाहिलं आणि एकदम पायाला हात लावला. रांगेत पुढे एक मुलगी रडवेली उभी होती. हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं आयत्या वेळी आठवेना म्हणून. बाईंनी तिथेच तिच्या तळहातावर पेनाने कर्जत जंक्शन काढलं. कुठून गाड्या येतात, कुठे एकत्र होतात, कुठली खोपोलीला जाते, कुठली घाट चढते. आत जाण्याआधी तिला तो हात घासून पुसावा लागला, पण तोवर जाळं डोक्यात बसलं होतं.

साडेतीन तासांनी बाई बाहेर आल्या त्या हसतच.

"सर, पाटकरी आला होता! दारू आणि लघवी, हाच प्रश्न. मला तुकाराम डोळ्यांपुढे दिसला आणि मी मोठ्यांदा हसले. पर्यवेक्षक धावत आला, म्हणाला, मॅडम, बरं वाटत नाही का?"

निकाल लागला त्या दिवशी दवाखाना भरलेला होता. बाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा. तुमचा आवाज खणखणीत आहे." मी रँक वाचला. पुन्हा वाचला. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण बाई खुर्चीत बसल्या आणि टेबलावरचा स्टेथोस्कोप उगाचच गळ्यात घालून पुन्हा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "सर, हव्या त्या विषयाला सीट मिळेल."

पुढचा आवाज कडावने बरेच दिवस लक्षात ठेवला. रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या, कोणीतरी बाहेर जाऊन ओरडलं, काशिनाथ दुधाची किटली तशीच टाकून आला. "मॅडम, पास?" "पास!" "आमच्या म्हशी बी पास!" तुकाराम फटाक्यांची माळ घेऊन हजर, आणि पूर्ण शुद्धीत. जो तरुण डॉक्टर सीट अडवण्याबद्दल बोलला होता, तो स्वतः कर्जतहून गाडी काढून हार घेऊन आला. बाईंनी हार त्याच्याच गळ्यात घातला. "तू बोललास म्हणून मी बायोकेमिस्ट्री वाचली रे," म्हणाल्या. शाळेत सत्कार झाला. अनसूया म्हातारीने भाषण केलं. दोनच वाक्यं, पण सगळ्यांत जास्त टाळ्या तिला.

लोकांचे सल्ले सुरू झाले. त्वचारोग घ्या, आरामाचं काम. एक्स-रेचं घ्या, उभं राहायला नको. बाईंनी पहिल्या पसंतीला लिहिलं भूलशास्त्र. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देणाऱ्या डॉक्टरचं शिक्षण. घाटावरच्या एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली. या वयात रात्रपाळ्या, तासन् तास ऑपरेशनच्या खोलीत उभं राहणं; मंदाने कारण विचारलं तर म्हणाल्या, "आवडतं मला."

निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, बाई माझ्याकडे आल्या. "सर, स्कूटर काढा. एका ठिकाणी जायचंय."

भातं कापून झाली होती. ओल्या रानात वाल टाकलेले. डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत बाईंनी थांबायला सांगितलं. ओट्यावर साठीच्या घरातला एक माणूस दोरी वळत बसला होता.

"बाळारामदादा, ओळखलंत?"

"तुमाला नाय वळखणार, डॉक्टरीणबाई? बसा."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी शिकायला चाललेय. भूल द्यायचं."

बाळारामचे हात थांबले.

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, जुनी गोष्ट. यांची लेक सुमन. पहिलंच बाळंतपण, बाळ अडलेलं. पोट उघडून काढायला हवं होतं. तालुक्याच्या गावी नेली. सर्जन तयार, टेबल तयार, रक्तसुद्धा मिळालं. भूल देणारा डॉक्टर तेवढा नव्हता. तो आठवड्यातून दोनदा बाहेरून यायचा, तो दिवस त्याचा नव्हता. जीपमध्ये घालून पनवेलला निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर. सारखी विचारत होती, बाई, कापताना दुखंल का? मी म्हटलं, नाही गं. झोप लागेल. उठशील तेव्हा बाळ शेजारी असेल. चौक गावाच्या अलीकडेच संपलं सगळं. दोघंही. बावीस वर्षं झाली. दादा, मी तिच्याशी खोटं बोलले."

ओट्यासमोर कोंबड्या टिपत होत्या. बाळारामने दोरी बाजूला ठेवली.

"खोटं कशानं? तुमी म्हनला म्हनून ती भ्यायली नाय. मी फुडं बसलो व्हतो, मला ऐकू येत व्हतं. शेवटपातूर भ्यायली नाय ती." मग म्हणाला, "तिचं व्हतं ते झालं. आता फुडं दुसरी कुनी असंच इचारंल. तिला खरं सांगा."

बाईंनी ओढणी तोंडाला लावली. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही सगळ्यांना चहा त्यांनीच केला होता. बाळाराम उठून आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, नव्या भाताचे तांदूळ.

"तिकडं मेसला भात चांगला नसतो म्हनं. घेऊन जावा."

निघताना मी म्हटलं, पिशवी डिकीत ठेवू. बाईंनी दिली नाही. कडाव येईपर्यंत ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या होत्या, त्यामुळे मी स्कूटर अगदी सावकाश चालवली.